चिरा नाही, टाका नाही; पण धोका नाही असे नाही

गेल्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत आमच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक शांतपणे बाकावर बसले होते. मांडीवर एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी. नंबर आल्यावर त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, वर्षभर फोन उजव्या कानालाच लावत होतो. वयाने होत असेल म्हणून सोडून दिले. आता डाव्या कानाच्या आत, मेंदूजवळ, चौदा मिलीमीटरची गाठ निघाली आहे. एक डॉक्टर म्हणतात, कवटी उघडून काढू. दुसरे म्हणतात, गॅमा नाईफ करू, दुसऱ्या दिवशी घरी. तिसरे म्हणतात, काहीच करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा. तिघेही मोठे डॉक्टर. यातले खरे कोण?"

मी म्हणालो, "गुरुजी, तिघेही खरे."

गुरुजींना हे उत्तर पटले नाही. पटेल अशी अपेक्षाही नव्हती. पण या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही, आणि हा प्रश्न आता एकट्या गुरुजींचा राहिलेला नाही. मेंदूच्या गाठीवर 'बिनटाक्याचे ऑपरेशन' होते, ही बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. बातमीबरोबर भाबडी आशाही पोहोचली आहे आणि खोटी भीतीही. म्हणून आजचा लेख रेडिओसर्जरी, म्हणजे किरण-शस्त्रक्रियेबद्दल.

नावात सुरी, हातात मात्र किरण

'गॅमा नाईफ' या नावात सुरी असली तरी या उपचारात सुरी कुठेच नसते. स्वीडनमधील मेंदूचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली एक कल्पना मांडली. मेंदूच्या खोल भागात सुरी घेऊन जाणे म्हणजे वाटेतल्या चांगल्या मेंदूला धक्का देणे. त्याऐवजी कवटी न उघडता, बाहेरूनच किरणांचे बारीक झोत नेमक्या एका बिंदूवर आणले तर? पुढे १९६८ साली स्टॉकहोममध्ये त्यांचे पहिले यंत्र वापरात आले. त्यात कोबाल्ट या किरणोत्सर्गी धातूचे १७९ लहान स्रोत होते. नंतरच्या यंत्रांत ही संख्या २०१ आणि १९२ अशी झाली.

हे चालते कसे? काळोख्या मैदानात दोनशे माणसे गोल उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात अगदी मंद बॅटरी आहे, अशी कल्पना करा. एका बॅटरीच्या उजेडात काहीच दिसणार नाही. पण दोनशे जणांनी एकाच दगडावर झोत धरला तर तो दगड लख्ख उजळेल आणि हातभर पलीकडे अंधारच राहील. येथेही तसेच. प्रत्येक झोत इतका सौम्य असतो की तो ज्या मेंदूतून जातो त्याला फारशी इजा होत नाही. जेथे सगळे झोत एकत्र येतात तेथे मात्र मात्रा प्रचंड होते. ती जागा गाठीवर बसवायची, तीही मिलीमीटरच्या हिशेबाने.

कल्पना १९५१ ची असूनही प्रसार व्हायला एवढी वर्षे का लागली? कारण नेम धरायचा तर आधी लक्ष्य दिसायला हवे. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १९७१ साली इंग्लंडमध्ये झाला आणि एमआरआय त्यानंतर आला. गाठ स्पष्ट दिसू लागली तेव्हाच हा उपचार जगभर पसरला. आपल्या देशात १९९७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गॅमा नाईफ सुरू झाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातही ते त्याच सुमारास आले.

हाच उपचार कोबाल्टशिवायही करता येतो. कर्करोगाच्या रुग्णांना किरण देणारे लिनॅक नावाचे यंत्र पुरेसे अचूक असेल तर त्यावर रेडिओसर्जरी होते. मुंबई-पुण्यात अशी सोय आहे. लेक्सेल यांच्याकडे शिकलेले अमेरिकन डॉक्टर जॉन ॲडलर यांनी यंत्रमानवाच्या हातावर लिनॅक बसवले. तेच सायबरनाईफ. १९९४ साली त्याचा पहिला उपचार झाला. यंत्राच्या नावावरून रुग्णांत मोठे वाद चालतात. माझा अनुभव असा की यंत्र कोणते यापेक्षा ते चालवणारी मंडळी कोण आणि त्यांनी असे किती रुग्ण केले आहेत, याला महत्त्व जास्त.

त्या दिवशी काय होते?

सकाळी डोक्यावर चार ठिकाणी भूल देऊन हलकी धातूची चौकट बारीक स्क्रूंनी बसवतात. डोके केसभरही हलू नये म्हणून. काही यंत्रांत चौकटीऐवजी चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा वापरतात. मग एमआरआय होतो. रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर अँजिओग्राफीही. त्यानंतर मेंदूचे शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्राचे जाणकार एकत्र बसून संगणकावर आखणी करतात. रुग्णाला हा वेळ कंटाळवाणा वाटतो, पण खरी शस्त्रक्रिया तेथेच होते. प्रत्यक्ष किरण देताना रुग्ण जागा असतो. दुखत नाही, चटका बसत नाही. गाठीच्या आकारानुसार अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. चौकट काढल्यावर डोके दुखते, स्क्रूच्या जागा दोन-चार दिवस हुळहुळतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

दोन शंका मला नेहमी विचारल्या जातात. पहिली, "अंगात किरण राहतात का? नातवाला जवळ घेऊ का?" खुशाल घ्या. यंत्र थांबले की किरण संपले, अंगात काही शिल्लक राहत नाही. दुसरी, "केस जातील का?" सहसा नाही. गाठ कवटीला अगदी लागून असेल तर तेवढ्याच जागी केस विरळ होऊ शकतात.

मी केलेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील चोवीस वर्षांच्या एका मुलाला मोटारसायकल दुरुस्त करता करता गॅरेजमध्येच फिट आली. तपासणीत मेंदूत दोन सेंटीमीटरचा रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. निरोगी शरीरात धमनीतले जोराचे रक्त आधी केशवाहिन्यांच्या जाळ्यात जाऊन शांत होते आणि मग नीलेत उतरते. या आजारात मधले जाळेच नसते. धमनी थेट नीलेला जोडलेली असते. पाटाला एकदम धरणाचे पाणी सोडावे तशी ही जोडणी, कधी फुटेल याचा नेम नाही. अशा गुंत्यातून दरवर्षी शंभरांत साधारण दोन ते चार जणांना रक्तस्राव होतो. आकडा लहान वाटतो. पण शंभरांत तीन असा हिशेब धरला तर वीस वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना एकदा तरी तो होईल. चोवीस वर्षांच्या मुलापुढे तर पन्नास वर्षे होती.

गुंता खोल होता. तेथे सुरी नेणे धोक्याचे, म्हणून मोठ्या शहरातील डॉक्टरांनी रेडिओसर्जरी केली. चौथ्या दिवशी पोरगा पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात हजर. डोक्याला पट्टी नाही, चेहऱ्यावर थकवा नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "सुटलास बाबा!"

तीच माझी चूक. त्याच्या हातात रुग्णालयाचा कागद होता. तो मी नीट वाचला नाही. त्यात स्पष्ट लिहिले होते की गुंता बंद व्हायला दोन ते तीन वर्षे लागतील आणि तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका आहे तसाच राहील. सहा महिन्यांनी एमआरआय, नंतर दरवर्षी, शेवटी अँजिओग्राफी. फिट्सच्या गोळ्या बंद करू नयेत. त्यांच्याकडून सांगण्यात काही उणे नव्हते. पण घरच्यांनी कागदापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. गावातल्या डॉक्टरच्या शब्दाला असे वजन असते.

चौदाव्या महिन्यात त्याचे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. घरच्यांनी दोन दिवस पित्त म्हणून काढले. आजार संपला अशी सर्वांची खात्री होती, मग दुसरे काय सुचणार? तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचा उजवा हात पडला, बोबडी वळली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्त.

तपासणीला वेळेवर गेला असता तर रक्तस्राव टळला असता, असे मी म्हणणार नाही. तो कदाचित तरीही झाला असता. उपचाराच्या त्या मधल्या काळाचा तो ठाऊक असलेला धोका आहे. पण ते दोन दिवस वाया गेले नसते. 'अजून दोन वर्षे डोके दुखले, उलटी झाली, तर थेट मोठ्या दवाखान्यात' एवढे एक वाक्य मी पेढा खाण्याआधी बोलायला हवे होते.

मुलगा वाचला. तिसऱ्या वर्षीच्या अँजिओग्राफीत गुंता पूर्ण बंद झालेला दिसला. म्हणजे उपचार यशस्वीच झाला. पण उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. गॅरेज आता त्याचा धाकटा भाऊ बघतो, आणि हा काउंटरवर बसून डाव्या हाताने बिले लिहितो.

परिणाम सावकाश, आणि तोही वेगवेगळा

या मुलाच्या गोष्टीत रेडिओसर्जरीचे सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे. सुरीने गाठ आज निघते. किरणांनी ती आज फक्त जखमी होते. किरणांमुळे पेशींच्या गाभ्यातील सूत्रे तुटतात आणि पेशींची वाढण्याची ताकद संपते. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात आतले अस्तर जाड होत जाते आणि पोकळी हळूहळू बुजते. याला महिने, वर्षे लागतात. शिवाय गाठ नाहीशी होईलच असे नाही. बहुतेक वेळा ती आहे तेवढीच राहते किंवा थोडी आकसते. वाढ थांबली हेच येथे यश. हे आधी माहीत नसेल तर वर्षभराने रिपोर्टवर 'गाठ आहे' असे वाचून माणूस खचतो.

आजारानुसार फायदा कसा बदलतो ते थोडक्यात पाहू.

रक्तवाहिन्यांचा गुंता तीन सेंटीमीटरहून लहान असेल तर शंभरांतील सत्तर ते ऐंशी जणांत तो दोन-तीन वर्षांत बंद होतो. मोठा असेल तर हे प्रमाण घटते. मात्र जो गुंता कधीच फुटलेला नाही त्याला हात लावावा की नाही, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अरुबा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत, न फुटलेल्या गुंत्यावर उपचार केलेल्यांपेक्षा फक्त औषधांवर ठेवलेले रुग्ण पहिली सुमारे तीन वर्षे अधिक सुखरूप राहिले. या चाचणीवर टीकाही पुष्कळ झाली, कारण तरुण रुग्णाचा प्रश्न तीन वर्षांचा नसून पन्नास वर्षांचा असतो. म्हणूनच पासष्टीच्या माणसाला आणि विशीतल्या मुलाला डॉक्टर वेगवेगळे सल्ले देतात. त्यात घोटाळा काही नाही.

ऐकण्याच्या मज्जातंतूवरची गाठ, म्हणजे गुरुजींना झालेली, कर्करोगाची नसते. लहान गाठीची वाढ रेडिओसर्जरीने शंभरांत नव्वदहून अधिक जणांत थांबते आणि चेहरा वाकडा होण्याचा धोका फार कमी राहतो. पण गेलेले ऐकू येणे परत येत नाही, आणि उरलेले पुढील काही वर्षांत कमी होऊ शकते. मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या मेनिन्जिओमा नावाच्या गाठी बहुधा साध्या असतात. त्या लहान आणि अडचणीच्या जागी असतील तर त्यांतही हा उपचार चांगला चालतो. पियुषिका ग्रंथीच्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागासाठी तो वापरतात. तेथे दृष्टीचा मज्जातंतू अगदी शेजारी असतो आणि त्याला किरणांची फार थोडी मात्रा सोसते. गाठ आणि तंतू यांत काही मिलीमीटर अंतर नसेल तर डॉक्टर नकार देतात. असा नकार हा रुग्णाच्या भल्यासाठीच असतो.

फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा अन्य कर्करोग मेंदूत पसरला आणि गाठी थोड्या व लहान असल्या, तर पूर्वी सबंध मेंदूला किरण देत असत. त्याने पुढे स्मरणशक्ती मंदावते असे दिसले. आता अशा गाठींना एकेक करून नेमके किरण देतात आणि रुग्णाचे भान, बोलणे अधिक टिकते. मात्र मेंदूत दुसरीकडे नव्या गाठी येऊ शकतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करावा लागतो.

चेहऱ्यावर विजेसारख्या कळा येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात आधी कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या देतात. त्या चालेनाशा झाल्या आणि शस्त्रक्रिया शक्य नसली तर किरणांचा विचार होतो. आराम पडायला काही आठवडे ते महिने लागतात. काहींच्या गालाला बधिरपणा येतो, आणि काही वर्षांनी कळा परतूही शकतात.

कोणाला उपयोग नाही?

तीन सेंटीमीटरहून बऱ्याच मोठ्या गाठीला एकाच बैठकीत किरण देणे धोक्याचे असते. कधी ती मात्रा तीन ते पाच बैठकांत विभागून देतात. गाठीचा दाब वाढून रुग्ण गुंगीत असेल, दृष्टी झपाट्याने जात असेल किंवा मेंदूत पाणी साठले असेल, तर महिन्यांची वाट पाहायला सवड नसते. तेथे सुरीच हवी. 'आम्हाला ऑपरेशन नको, किरणच द्या' असा हट्ट अशा वेळी जिवावर बेततो.

मेंदूच्या पेशींतूनच उगवणारा ग्लायोब्लास्टोमासारखा कर्करोग जमिनीत मुरलेल्या पाण्यासारखा पसरलेला असतो. त्याला काठ नसतो, मग नेम कशावर धरणार? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, नेहमीच्या उपचाराला रेडिओसर्जरीची जोड देऊनही या रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.

आणि आपल्याकडची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेंदूत दिसणारा प्रत्येक डाग म्हणजे ट्यूमर नव्हे. तरुण माणसाला पहिली फिट आली आणि स्कॅनमध्ये अंगठीसारखा लहान डाग दिसला, तर आपल्या देशात तो पुष्कळदा पट्टकृमीच्या अळीचा किंवा क्षयाचा असतो. पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. हे दोन्ही आजार औषधांनी बरे होतात. येथे किरणांचे काही काम नाही. तेव्हा 'नेमका आजार कोणता' हे ठरल्याशिवाय यंत्राची चौकशी करू नये.

धोके कोणते?

पहिला धोका सूज. किरण दिल्यावर काही महिन्यांनी, बहुधा सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, गाठीभोवतीचा मेंदू सुजू शकतो. डोके दुखते, फिट येते, हातापायांत अशक्तपणा येतो. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर उपचार केलेल्या शंभरांतील सुमारे नऊ-दहा जणांना अशी लक्षणे होतात आणि तीन-चार जणांत काही दोष कायम राहतो. याच काळात गाठ फोटोत तात्पुरती मोठीही दिसते. ती खरोखर वाढली की फुगली, हे ठरवायला अनुभवी नजर लागते. घाईने दुसरे ऑपरेशन करू नये.

दुसरा धोका, किरणांच्या जागचा मेंदूचा भाग मृत होणे. पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींत हे शंभरांत साधारण पाच ते दहा जणांत होते. गाठ जेवढी मोठी तेवढे प्रमाण अधिक. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स, कधी बेव्हॅसिझुमॅब नावाचे इंजेक्शन, तर कधी शस्त्रक्रियाही लागते.

स्टिरॉइडबद्दल दोन शब्द, कारण यातले बरेच रुग्ण औषध घ्यायला आम्हा गावातल्या डॉक्टरांकडेच येतात. या गोळ्यांनी साखर भराभर वाढते. मधुमेह असेल तर घरी आल्याबरोबर तपासणी सुरू करावी. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम सोडू नयेत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्यात. फिट्सच्या गोळ्यांनाही हाच नियम.

तिसरा धोका उशिराचा. काही वर्षांनी त्या जागी पाण्याची पिशवी होणे, पियुषिका ग्रंथीचे काम मंदावणे. किरणांमुळे नवा कर्करोग होण्याची भीती अनेकांना वाटते. तसे घडल्याची उदाहरणे आहेत, पण फार विरळा, हजारात एकाहूनही कमी. मात्र लहान मुले आणि तरुण यांच्यापुढे आयुष्य मोठे असते, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर अधिक विचार करतात. स्त्री गरोदर असेल किंवा शक्यता असेल तर ते आधीच सांगावे.

खर्चाची गोष्ट

हा उपचार लाखांच्या घरातला आहे आणि फक्त त्या दिवसाचा खर्च धरून चालत नाही. पुढची तीन-चार वर्षे दरवेळचा एमआरआय, शहराच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, हे सगळे आधीच मांडावे. शेत गहाण टाकण्यापूर्वी योजनेखालील रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आपला आजार आणि हा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते विचारावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. मागायला लाजू नये.

गुरुजींची वही

गुरुजींना मी एवढे सगळे सोमवारी सांगू शकलो नाही. रात्री दवाखाना मिटल्यावर त्यांना पुन्हा बोलावले. ते वही घेऊनच आले. जन्मभर मुलांना प्रश्न विचारलेला माणूस. त्यांनी पुढच्या भेटीसाठी प्रश्न लिहून घेतले. वाचकांनाही ते उपयोगी पडतील.

१. माझी गाठ नेमकी कोणती आहे आणि ते किती खात्रीने सांगता येते?
२. काहीच केले नाही तर पाच वर्षांत, दहा वर्षांत काय होईल?
३. माझ्या बाबतीत शस्त्रक्रिया, किरण आणि थांबणे यांत तुम्ही एकाची निवड का केली?
४. शेजारी कोणता नाजूक भाग आहे? तो दुखावला तर माझे काय जाईल? ऐकणे, दृष्टी, चेहरा की चालणे?
५. परिणाम कधी दिसेल आणि तोपर्यंत काय जपायचे?
६. तुमच्याकडे अशा किती रुग्णांवर उपचार झाले?
७. पुढचे फोटो कधी काढायचे आणि ते कोण पाहणार?

शस्त्रक्रिया करणाऱ्याला सुरी जवळची वाटते, किरण देणाऱ्याला किरण. हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात लबाडी नाही. म्हणून शक्य तेथे दोघांचेही मत घ्यावे. दोघे एकत्र बसून निर्णय घेतात असे रुग्णालय मिळाले तर उत्तमच.

गुरुजींसारख्या लहान गाठीबद्दल २०२३ साली नॉर्वेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभर रुग्ण. निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी, निम्म्यांना थांबून नियमित एमआरआय. चार वर्षांनी किरण घेतलेल्यांच्या गाठी स्पष्टपणे आकसल्या होत्या. पण ऐकणे, तोल आणि रोजचे जगणे यांत दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना त्या चार वर्षांत कोणताच उपचार लागला नाही. म्हणजे तिन्ही डॉक्टर खरे का, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. प्रश्न एकच होता, पण तिघांनी वेगवेगळ्या भीतीला पहिले स्थान दिले होते. गाठ राहून जाण्याची भीती, ऑपरेशनची भीती आणि विनाकारण उपचाराची भीती. यातली आपल्याला कोणती मोठी वाटते, हे गुरुजींनीच सांगायचे आहे.

गुरुजींनी वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे सहा महिने थांबलो तर पळपुटेपणा नाही ना?"

"नाही," मी म्हणालो, "पण सहा महिने म्हणजे सहाच. सातवा महिना उजाडला आणि तुम्ही आला नाहीत, तर मी शिपाई पाठवीन." गुरुजी हसले. एमआरआयची तारीख मात्र मी या वेळी माझ्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून घेतली.

लक्षात ठेवा

रेडिओसर्जरी झालेल्या किंवा मेंदूत गाठ अथवा रक्तवाहिन्यांचा गुंता असलेल्या माणसाला अचानक तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट, हातापायांत अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा गुंगी यांपैकी काहीही झाले, तर पित्त किंवा थकवा समजून घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. जुन्या फिल्म आणि उपचाराचा कागद बरोबर न्यावा. आणि उपचार करून घरी आल्यावर तो कागद आपल्या गावातल्या डॉक्टरांना वाचायला द्यावा. त्यांना वेळ नसेल तर त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवावा.